कॉइल किती तास जळाली

जमना : ‘जमने, चूल इझाडी का व?’ दिवसातून चाळीस वेळा, अभिमन. माझी माय रे. चूल तिच्या डोळ्यांसमोर विझलेली, राख थंडगार, त्या राखेत मांजर झोपलेलं. तरी विचारायची. मी म्हणायची, ‘माय, इझाडी.’ ती म्हणायची, ‘बरं व्हयनं.’ तांब्याभर पाणी प्यायची, तांब्या खाली ठेवायची, की पुन्हा, ‘जमने, चूल इझाडी का व?’

अभिमन : अक्का, पण मी गीझर बघायला आलोय.

जमना : गीझरचंच सांगते ना! डॉक्टरकडं गेलं की तो आधी घराण्याचं विचारतो का नाही? मायला होतं, आता ते माझ्याकडं आलंय. अकरा दिवस झाले. गीझर चालू ठेवून मी बाजारात गेले. अकराला परत आले तर जळका वास पार जिन्यापर्यंत. हे आत बाथरूममध्ये उभे. म्हणाले, ‘जमना, तू बटन बंद करायला विसरलीस. कॉइल गेली.’

तोताराम : झालं ते झालं. त्याची किती पारायणं करायची?

अभिमन : नाना, जरा बाजूला सरकता का? तुम्ही दारातच खुर्ची टाकलीय.

तोताराम : परमिट घेतलं का?

अभिमन : कसलं?

तोताराम : चौतीस वर्षं लाइनमन होतो मी. परमिट नसताना माणूस लाइनवर चढू दिला नाही. हे घे पुस्तक. कामाचं स्वरूप लिही. सुरू करण्याची वेळ लिही. खाली सही कर.

अभिमन : नाना, हा पंधरा लिटरचा गीझर आहे. मी बटन बंद करणार आणि चार नट खोलणार.

तोताराम : असंच म्हणत म्हणत लोक चिकटलेत. आणि ही पाटी दाराला अडकव. ‘लाइनवर माणूस काम करीत आहे.’

जमना : त्यांना लिहू दे रे बाबा. निवृत्तीच्या दिवशी आणलीत ही दोन्ही. वीज खात्यानं शाल दिली, नारळ दिला, ते ठेवले तिकडंच. पाटी घेऊन आले.

अभिमन : बरं, लिहिलं. ‘गीझरची कॉइल बदलणे.’ सही केली.

तोताराम : कॉइलच गेली असेल कशावरून? थर्मोस्टॅट बघ. नाहीतर मी म्हणतो गीझरच नवा घेऊ. हा जुना झाला. याला खोलूच नको. उचल आणि भंगारात दे.

जमना : अकरा दिवस हेच चाललंय. मी म्हणते मिस्त्री बोलवा, हे म्हणतात कशाला. आणि आंघोळीला काय केलंय, ठाऊक आहे? शेतातली ठिबकची काळी नळी आणून गच्चीवर वेटोळं घातलंय. दोनशे हात नळी! तिच्यातलं पाणी उन्हानं तापतं दुपारी एकला. म्हणजे आमच्या घरी आंघोळ एकला. बाराला पाहुणे आले तरी पारोसे, अडीचला गेलं तरी पाणी निवलेलं. पिंप्राळ्यात आम्हाला आता लोक घड्याळ समजतात. शेजारची नूतन म्हणते, ‘काकू टॉवेल घेऊन गेल्या, भात लावायला पाहिजे.’

अभिमन : नाना, नळीची आयडिया मात्र भारी आहे.

तोताराम : वीजबिल शून्य.

जमना : आणि नळीच्या पाण्याला शेणखताचा वास. अभिमन, तू ऐक. कॉइल बदलायची ती बदल. पण तुला बोलावलंय ते दुसऱ्याच कामासाठी. ती जुनी कॉइल बाहेर काढ, उजेडात धर, आणि मला सांग, ती किती तास चालू राहिली होती.

अभिमन : कॉइलला घड्याळ नसतं, अक्का.

जमना : भाकरी बघून मी सांगते ती किती वेळ तव्यावर होती, चपाती बघून सांगते की लाटणारी कुणावर चिडली होती. तू तुझ्या धंद्यातला. तुला कळणार नाही?

अभिमन : थोडंफार कळतं. पण कळून करायचं काय?

जमना : त्या दिवशी मी सहाला आंघोळ केली. मग दहाला धुण्यासाठी गीझर लावला. मला तर दोन्ही वेळा बंद केल्याचं आठवतं. पण आठवतं म्हणजेच गेलं ना रे! मायलाही सगळं आठवायचंच. आता सहापासून राहिला असेल तर पाच तास होतात. दहापासून राहिला असेल तर एक. एक तास विसरले असेन तर उद्या चाळीसगावला जाते. पाच तास विसरले असेन तर आत्ता फोन करते, दुसरी बघा म्हणून.

अभिमन : चाळीसगावला काय आहे?

जमना : मेघाची हळद. माझ्या भावाची पोर. आमच्याकडं हळदीचं गाणं एकीनं उचलायचं असतं, बाकीच्या बाया मागून ओढतात. उचलणारी मी. सत्तावीस नवऱ्या मी हळदीला बसवल्यात, एकीचंही गाणं मोडलेलं नाही. आणि माहेरी म्हणतात, उचललेली ओवी मधेच सुटली तर त्या पोरीचं काहीतरी आयुष्यभर अर्धं राहतं. आता मी तिथं बसले, शंभर बाया माझ्या तोंडाकडं बघतायत, आणि मला पुढची ओळच आली नाही, तर? माझ्या हातानं पोरीचं वाटोळं करू?

तोताराम : तू जा. अर्धाच तास असेल.

जमना : तुम्ही कॉइल आहात का?

तोताराम : मी आपलं अनुभवानं बोलतोय.

जमना : अनुभव असलेल्या माणसानं अकरा दिवस मिस्त्री आणू दिला नाही. तू खोल रे. मी तोवर चहा टाकते. चहा टाकायच्या आधी माझा एक फेरा असतो, त्याला वेळ लागेल.

अभिमन : कसला फेरा?

जमना : घरातल्या बटनांचा. नुसतं बघितलं की विसरायला होतं, म्हणून ओव्या बांधल्यात. गाऊन बघितलं की पक्कं होतं.

पहिली माझी ओवी गं, गॅसाच्या गं कानाला,
पिळून आले तरी गं, घोर लागे प्राणाला.

दुसरी माझी ओवी गं, दाराच्या गं कोयंड्याला,
लावलंय का कुलूप, पुसते एका येड्याला.

तोताराम : तो येडा मी.

जमना : तिसरी माझी ओवी गं, न्हाणीतल्या बटनाला,
दाबलं, पुन्हा दाबलं, भरवसा नाही मनाला.

अभिमन : अशा किती आहेत?

जमना : सतरा. फ्रिजची आहे, मोटारीची आहे, तुळशीपुढल्या दिव्याची आहे. सतरावी यांची.

सतरावी माझी ओवी गं, खुर्चीमधल्या देवाला,
चालू आहे का बंद गं, ठाऊक त्याच्या जिवाला.

अभिमन : अक्का, सतरा ओव्या तोंडपाठ, आणि तुम्ही विसराळू?

जमना : सतरावी म्हणून होते तोवर पहिलीचा संशय येतो. मग पुन्हा पहिलीपासून. मंगळवारी दवाखान्यात जायला दहाला निघाले होते, एक वाजला, नळीचं पाणी तापलं, आंघोळ करून झोपले. बस तू. चहात साखर किती?

अभिमन : दीड चमचा.

जमना : चिठ्ठीवर लिहून ठेवते.

(ती आत जाते. स्वयंपाकघरातून पहिली ओवी ऐकू येते.)

अभिमन : नाना.

तोताराम : काम कर.

अभिमन : करतोय. पाणी सोडलं, झाकण काढलं, चार नट खोलले. आता ही बघा कॉइल. तुमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे चुन्याची निवळी. सात वर्षांच्या कॉइलवर हा एवढा पांढरा थर बसायला पाहिजे, मक्याच्या कणसासारखा. हिच्यावर थर कुठाय? खरवडलेला आहे.

तोताराम : पडला असेल आपोआप.

अभिमन : आणि टाकी आतून धुतलेली. खालच्या प्लगवर पांढरी टेप नवी कोरी, पाच पदरी, एकदम ताणून गुंडाळलेली. अशी टेप आमच्या पोरांपैकी कुणी गुंडाळत नाही. जुना लाइनमन गुंडाळतो.

तोताराम : हळू बोल.

अभिमन : आणि कॉइल निळी पडून फाटलीय. पाण्यात गेलेली कॉइल अशी फाटत नाही. ही कोरडी जळाली, नाना. टाकीत थेंब नव्हता.

तोताराम : मला शिकवतो? तू शाळेत होतास तेव्हा मी अकरा हजारच्या खांबावर बसून डबा खात होतो.

अभिमन : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

तोताराम : अभिमन, माझं ऐक. ती आली की एवढंच म्हण, ‘अक्का, एक तास.’ बास. ती उद्याची गाडी पकडेल.

अभिमन : आणि अक्का तासभराचा गुन्हा कबूल करून हळदीला जाणार?

तोताराम : जाईल तरी. गाईल तरी. तुला काय, एक शब्द तर बोलायचाय.

अभिमन : मला इथून अजून बारा घरी जायचंय, नाना. मी कॉइलबद्दल खोटं बोललो असं कळलं तर माझ्या हातात पाना कोण देईल?

तोताराम : कोणाला कळणार?

अभिमन : ही तुमची पाटी उलटी धरा जरा, मला डोकं आपटून घ्यायला काहीतरी पाहिजे.

तोताराम : ती आली. सोळावी संपली.

जमना : घे चहा. दीड चमचा. काढलीस? दाखव. आई गं! ही एवढीशी? मी म्हटलं चांगली हातभर असेल. हिच्यासाठी मी अकरा दिवस जीव काढते होय? कशी वाकडी झालीय, बघ. म्हातारीच्या बोटासारखी. सांग आता. एक का पाच?

अभिमन : अक्का, त्याचं असं आहे...

तोताराम : परमिटची वेळ संपत आलीय.

जमना : तुम्ही थांबा. बोल रे.

अभिमन : तास काही नक्की सांगता येत नाहीत. आधी नवी बसवतो. नवी बसवली की जुनीशी ताडून बघता येईल.

जमना : असं. बसव मग. हे रबर कसलं?

अभिमन : वायसर. हे नीट बसलं नाही तर पाणी गळतं. नट एका बाजूनं आवळायचे नाहीत, समोरासमोर आवळायचे. एक इकडचा, एक तिकडचा.

जमना : जात्याच्या खुंट्यासारखं. तोलानं.

अभिमन : तसंच. आता वायरी जोडल्या. वरचा कॉक सोडला. टाकी भरतेय, ऐका आवाज. गरम नळ उघडा ठेवायचा. त्याच्यातून पाण्याची धार लागली की समजायचं टाकी भरली. त्याच्याआधी बटनाला हात लावायचा नाही.

जमना : पण भाऊ, आता ही नवीसुद्धा मी चालू ठेवून बाहेर गेले तर? पुन्हा जळायची. याला काहीतरी घंटी-बिंटी बसव.

अभिमन : त्याची गरज नाही, अक्का. तुम्ही खुशाल आठ दिवस गावाला जा. आत थर्मोस्टॅट आहे. पाणी तापलं की तो आपोआप करंट तोडतो. निवलं की जोडतो.

जमना : आपोआप?

अभिमन : हो. म्हणजे...

तोताराम : चहा गार होतोय तुझा.

जमना : हा जो आपोआप तोडतो, तो तू आत्ता नवा बसवलास?

अभिमन : नाही. तो जुनाच. चांगला आहे, म्हणून तोच ठेवला.

जमना : म्हणजे त्या दिवशीही तो होता.

अभिमन : होता.

जमना : मग मी पाच तास विसरले असते, तरी कॉइल जळाली नसती?

अभिमन : नसती.

जमना : दिवसभर विसरले असते तरी?

अभिमन : बिल आलं असतं, अक्का. बाकी काही झालं नसतं.

जमना : मग जळाली कशानं?

अभिमन : टाकीत पाणी नसेल तर जळते.

जमना : पाणी कुठं गेलं?

अभिमन : धार लागली बघा नळाला. मी गच्चीवर जाऊन ती ठिबकची नळी गुंडाळून ठेवतो. दोनशे हात आहे, मला वेळ लागेल.

जमना : अहो.

तोताराम : हं.

जमना : पाणी कुठं गेलं?

तोताराम : मी टाकी खोलली होती. तू बाजारात गेल्यावर. आतला चुना काढायला.

जमना : आणि पाणी न भरता बटन दाबलं.

तोताराम : हो.

जमना : तुम्ही.

तोताराम : मी.

जमना : म्हणजे मी बंद केला होता? सहालाही आणि दहालाही?

तोताराम : दोन्ही वेळा. तू चुकली नाहीस कुठं.

जमना : म्हणजे मी चांगली शे?

तोताराम : तू बठ्ठी चांगली शे. सगळीच्या सगळी.

जमना : अरे देवा! आणि मी सतरा ओव्या रचल्या! चिठ्ठ्या चिकटवल्या, मिठाच्या डब्यावर ‘बंद’, शिलाई मशीनवर ‘बंद’, तुमच्या चष्म्याच्या घरावर ‘बंद’! काल नूतन म्हणाली, ‘काकू, तुमच्या डोळ्यांखाली काळं झालंय,’ आणि मी तिला विचारलं, ‘तू कोण गं?’ खरंच विचारलं नव्हतं हो, थट्टा केली, पण थट्टा करतानाच मनात आलं, की उद्या ही थट्टा खरी होईल. माय माझी शेवटी मला ‘ताई’ म्हणायची. मी तिचीच लेक, आणि ‘ताई, तुम्ही कोणाच्या घरच्या?’ अकरा दिवस मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव घेते. जमना तोताराम, जमना तोताराम. तुम्ही शेजारी पडून ऐकत होता!

तोताराम : ऐकत होतो.

जमना : आणि गप्प?

तोताराम : चौतीस वर्षं लाइनमन. कोरड्या टाकीचं बटन दाबलं म्हणून सांगायचं? अख्ख्या कॉलनीत हसं झालं असतं. शिकाऊ पोरालाही कळतं ते.

जमना : खोटं.

तोताराम : खोटं काय त्यात?

जमना : हसं व्हायला तुम्ही कधी घाबरलात? गच्चीवर खताची नळी टाकून भर दुपारी पंचा लावून उभं राहता तुम्ही. हळदीत नाचलात त्या वेळी धोतर सुटलं, तुम्ही नाचत राहिलात. मान गेला असता तर मी हसले असते, तुम्ही चिडला असता, दोन घास कमी खाल्ले असते, संपलं असतं. ह्याच्यासाठी माणूस अकरा दिवस बायकोला जाळत नाही.

तोताराम : चाळीसगावला फोन कर. मी येते म्हणून सांग.

जमना : करते. आधी तुम्ही बोला.

तोताराम : काय बोलू?

जमना : माझ्याकडं बघून बोला. त्या पाटीकडं काय बघता? मी घरात पाऊल ठेवलं तेव्हा तुम्ही तिथं आत उभे होता. दिवा नव्हता लावलेला. पहिलं वाक्य तुम्ही बोललात, ‘जमना, तू विसरलीस.’ मी काही विचारायच्याही आधी. इतकी घाई कशाची होती?

तोताराम : तू बोलायच्या आधी मला बोलायचं होतं.

जमना : का?

तोताराम : तू विचारलं असतंस, ‘हे काय केलंत?’

जमना : मग? सांगायचं, टाकी धुतली, पाणी भरायचं राहिलं.

तोताराम : ते मी मागाहून जुळवलं, जमना. तुला आत्ता सांगितलं ते सगळं जुळवलेलं आहे. टेपवरून. चुन्याच्या खपल्या पडल्या होत्या फरशीवर, त्यावरून.

जमना : जुळवलं म्हणजे?

तोताराम : वास आला म्हणून मी आत गेलो. म्हटलं, कोणी केलं हे? हात ओले होते. पकड माझ्याच खिशात होती. आणि मला काहीच आठवत नव्हतं.